दोन डोंगर, मधे सूर्य आणि नारळाचं झाड: मुलांचा चित्रकलेचा क्लास घेताना काय करायचं, कुठल्या वयाला काय द्यायचं

मराठी शाळेतल्या कुठल्याही पोराच्या हातात कोरा कागद द्या आणि म्हणा, काढ तुला हवं ते. बहुतेक पोरं दोन डोंगर काढणार, मधून अर्धा सूर्य, डोंगरातून निघालेली नदी, काठाला कौलारू घर, बाजूला वाकडं नारळाचं झाड आणि आकाशात चारच्या आकड्यासारखे पक्षी. बाराव्या मजल्यावर राहणारं पोरगं पण हेच काढतं आणि जिथे शंभर मैलात नारळ उगवत नाही तिथलं पोरगं पण नारळच काढतं. मी आधी काही वर्षं शाळेत चित्रकलेची बाई होते, आता शनिवारी सोसायटीच्या हॉलमध्ये क्लास घेते, चार वर्षांच्या पिल्लांपासून दहावीच्या घोड्यांपर्यंत सगळे येतात, आणि हे चित्र मी इतक्या वेळा पाहिलंय की झोपेत पण काढीन.

चित्र वाईट आहे असं नाही हो. पाढे पाठ करतात तसं ते पाठ केलेलं असतं, त्यात पोराने स्वतः बघितलेलं काहीच नसतं. मग ते त्यातून बाहेर कसं काढायचं, एवढंच या सगळ्या लिखाणात सांगायचंय. नवीन क्लास सुरू करणारे, शाळेत ३५ मिनिटांचा तास मिळणारे शिक्षक, सुट्टीत पोरांना गुंतवायला काहीतरी शोधणारे आईबाबा, सगळ्यांना चालेल.

सगळ्यात आधी, फळ्यावर चित्र काढून "आता हे काढा" म्हणणं बंद. मी केलंय हे, म्हणून सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी फळ्यावर मोठ्या हौसेने मोर काढला, पन्नास मोर आले, पन्नासच्या पन्नास मोरांची मान डावीकडे. एका मुलीच्या मोराची मान उजवीकडे होती ती पण तिने खोडली होती बिचारीने, खूण दिसत होती कागदावर. त्या दिवसापासून फळ्यावर फक्त तारीख.

दुसरं, मुलाच्या कागदाला आपला हात लावायचा नाही. "दे इकडे, असं नाही, असं" हे म्हणायचा मोह फार होतो, मला अजून होतो. त्यासाठी बाजूला एक रद्दी कागद ठेवा, काही दाखवायचंच असेल तर त्यावर दाखवा आणि तो कागद लगेच चुरगळून टाका, नाहीतर ते त्याचीच नक्कल करतात.

तिसरं, आणि माझ्या मते सगळं गणित इथेच आहे: विषय द्यायचा नाही, प्रसंग द्यायचा. "पावसाळा" म्हटलं की डोंगर येतात, ढग येतात, आणि एक मुलगी छत्री घेऊन उभी. तेच "शाळा सुटली, धो धो पाऊस, तुम्ही तिघं आणि छत्री एक" असं म्हणा, मग बघा काय काय येतं. कोणाचं दप्तर डोक्यावर, कोणाची चप्पल वाहून चाललीय, एकाने तर छत्रीत फक्त दप्तरं काढली होती आणि तिघं बाहेर भिजतायत. "माझी आई" पेक्षा "आई फोनवर बोलता बोलता पोळ्या लाटतेय". "बाजार" पेक्षा "भाजीवालीने वजनात काटा मारला आणि आजीने पकडलं". प्रसंग जितका बारीक तितका डोंगर लांब पळतो.

सामानाचं थोडक्यात. लोक उलटं करतात, लहान मुलाला लहान कागद देतात आणि मोठ्याला मोठा. चार-पाच वर्षांच्या मुलाचा हात खांद्यातून हलतो, बोटांतून नाही, त्याला वर्तमानपत्राच्या पानाएवढा कागद पाहिजे आणि जाडा खडू पाहिजे. कागदासाठी ऑफिसातले पाठकोरे कागद, जुन्या लग्नपत्रिका (मागची बाजू भारी असते), कॅलेंडरची पानं, कुरियरचे खोके. कार्ट्रिज पेपर (चित्रकलेचा जाडसर कागद) मोठ्यांसाठी राखून ठेवा, लहान पोरं त्यावर एक रेघ मारतात आणि म्हणतात झालं, दुसरा द्या.

चोवीस रंगांचा डबा नको. हे ऐकून पालक नाराज होतात कारण त्यांनी आधीच आणलेला असतो. पोस्टर कलरच्या चार बाटल्या पुरतात: लेमन यलो, क्रिमसन (गुलाबी झाक असलेला लाल), अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि पांढरा. यातूनच सगळं बनवायला लावा. जांभळा बनवताना लाल म्हणून शेंदरी छटेचा लाल घेतला तर जांभळ्याऐवजी चिखलासारखा तपकिरी येतो, क्रिमसनच घ्या. काळा रंग पहिले दोन महिने कपाटात. काळा दिला की मुलं सगळ्याला काळी बॉर्डर मारतात आणि गडद करायचं म्हणजे काळा ओतायचा अशी सवय लागते. तरी एक गंमत म्हणून पुढे कधीतरी पिवळ्यात थेंबभर काळा घालून दाखवा, मेंदीच्या पानासारखा हिरवा येतो, मुलांना विश्वास बसत नाही.

पाण्याचे दोन डबे ठेवायचे, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ पाणी घ्यायला. ब्रश पाण्यात उभा सोडून जायचा नाही, केस वाकतात ते वाकतात. बाबांचा जुना शर्ट उलटा घालून मागून बटणं लावायची, ॲप्रन विकत आणू नका.

आता वयाप्रमाणे घेऊ. हे वय म्हणजे काही आधारकार्डावरचं वय नाही, एखादं सहा वर्षांचं पोरगं नऊ वर्षांच्यासारखं काढतं आणि उलटही होतं.

बालवाडी ते पहिली, म्हणजे चार ते सहा. यांच्याकडून "चित्र" काढून घ्यायचा हट्टच सोडा. यांना सामान हाताळू द्यायचं. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात हिट म्हणजे रंगीत खडू पाण्यात बुडवून फरशीवर किंवा काळ्या कागदावर रेघोट्या, ओला खडू एकदम गडद उमटतो आणि वाळला की अजून उजळतो. दुसरं म्हणजे मिठाची कणीक. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, चमचाभर तेल, आणि पाणी पाऊण वाटीच्या आसपास पण एकदम ओतू नका, पोळीच्या कणकेपेक्षा जरा घट्ट झाली की थांबा. रंगासाठी हळद, बीटाचा रस, पालक वाटून गाळलेलं पाणी. बोटाला काही कापलेलं खरचटलेलं असेल तर मीठ झोंबतं, आधी सगळ्यांची बोटं बघून घ्या. फ्रीजमध्ये घट्ट डब्यात दोन-चार दिवस टिकते, पावसाळ्यात लगेच बुरशी धरते, लोभ करू नका, टाकून द्या.

भेंडीचे ठसे सगळेच करतात पण निम्म्या वेळा फसतात, कारण मुलं भेंडी सरळ रंगात बुडवतात आणि कागदावर नुसता गोळा उमटतो. युक्ती अशी की ताटलीत भांडी घासायच्या स्पंजचा नवीन तुकडा ठेवायचा, त्यावर जाडसर रंग ओतायचा, आणि भेंडी त्या स्पंजवर दाबून मग कागदावर. भेंडी देठाकडच्या जाड भागाला कापा, फूल छान येतं. अर्धा कापलेला कांदा, कोबीचा गड्डा हे पण भारी. बटाट्यावर आकार कोरला तर आधी फडक्याने टिपून घ्या, त्याचं पाणी सुटत राहतं आणि रंग धरत नाही. कोरायचं काम अर्थात आपलं.

या वयात चित्र दाखवायला आलं की "काय आहे हे?" विचारू नका. त्याला वाटतं की म्हणजे दिसत नाहीये. "सांग बरं, काय चाललंय यात" असं म्हणा आणि ऐका. एका पिल्लाने मला पूर्ण काळा केलेला कागद दाखवला होता, मी मनात म्हटलं अरे देवा, विचारलं तर म्हणे लाईट गेलीय, खाली सगळे आहेत.

दुसरी ते चौथी, सात ते नऊ. हा माझा आवडता गट. यांच्या चित्रात घराच्या भिंतीतून आतला टीव्ही दिसतो, एसटीची चारही चाकं एकाच बाजूला दिसतात, आजी लाडकी असेल तर आजी घराएवढी आणि न आवडणारा दादा पेन्सिलीएवढा. खाली जमिनीची एक रेघ, वर आकाशाची निळी पट्टी, आणि मधे हवा. हे चुकीचं नाही, यांना दुरुस्त करायचं नाही. व्हिक्टर लोवेनफेल्ड म्हणून ऑस्ट्रियात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत शिकवणारे कलाशिक्षक होते, त्यांनी १९४७ साली मुलांच्या चित्रांचे वयाप्रमाणे टप्पे मांडले, गिरगोट्यांपासून ते हुबेहूब काढायच्या धडपडीपर्यंत, आणि त्यात साधारण सात ते नऊ हा ठरलेल्या आकारांचा टप्पा येतो. म्हणजे मूल माणसासाठी एक आकार ठरवतं, झाडासाठी एक, आणि तेच वापरत राहतं. आपले दोन डोंगर इथेच पक्के होतात. पण इथे ठरलेला आकार मोडायला फक्त एक प्रसंग पुरतो, झाडाचा आकार ठरलाय ना, मग "झाडावर अडकलेला पतंग काढायला तुम्ही चढलाय" म्हणा, झाडाला लगेच फांद्या फुटतात.

यांच्यासाठी पावसाचं चित्र. पांढऱ्या ऑइल पेस्टलने किंवा साध्या मेणबत्तीने पांढऱ्या कागदावर पावसाच्या रेघा मारायच्या, काहीच दिसत नाही, आणि मग वरून पातळ निळ्या रंगाचा हात फिरवला की पाऊस उघडा पडतो. दाबून घासायला सांगा, हलक्या हाताने मेण बसत नाही. आणि रंग खरंच पातळ पाहिजे, पोस्टर कलर घट्ट असेल तर मेणावर पण बसतो आणि सगळी गंमत जाते.

दुसरा प्रयोग हळदीचा, हा तर जादूच आहे. चमचाभर हळद पाण्यात कालवून कागदाला फासायची, वाळू द्यायचा. मग खायच्या सोड्याचं पाणी करून त्यात कापूस गुंडाळलेली काडी बुडवून काढायचं, रेघ लालसर तपकिरी उमटते. लिंबाचा रस लावला की परत पिवळी. हळद आणि चुन्याचं कुंकू होतं ते याच कारणाने, हे सांगितलं की घरी जाऊन आजीला विचारतात. युनिफॉर्मवर मात्र हा कार्यक्रम करू नका, साबण लावला की डाग अजून लाल होतो आणि मग आया फोन करतात.

बेंदूर किंवा पोळ्याच्या आसपास मातीचे बैल. शाडूची माती चालेल, गावाकडे असाल तर शेतातली काळी चिकण माती. पाय वेगळे करून चिकटवले की वाळल्यावर गळून पडतात, दरवर्षी अर्धा वर्ग लंगडा असायचा माझा. म्हणून एकच गोळा घ्यायचा आणि त्यातूनच चार पाय, मान, शेपूट ओढून काढायची, चिमटीने. शिंगं चिकटवावीच लागतात, तिथे दोन्हीकडे काट्याने ओरखडे काढा, चिखलाचं घट्ट पाणी लावा आणि मग दाबा. उन्हात ठेवायचे नाहीत, तडे जातात, चार-पाच दिवस सावलीत. मग गेरू, चुना, हळद जे असेल ते. शहरातल्या बऱ्याच पोरांनी बैल जवळून बघितलेलाच नसतो, त्यांचे बैल कुत्र्यासारखे होतात. आधी वशिंड (खांद्यावरचा उंचवटा) दाखवा, म्हणजे व्हिडिओत तरी, वशिंड आलं की बैल होतो.

पाचवी ते सातवी, दहा ते बारा. इथे गाडी अडते. आत्तापर्यंत बिनधास्त काढणारं पोरगं एकदम खोडरबर हातात घेतं आणि कागदाला भोक पडेपर्यंत खोडत बसतं, "मला येत नाही", "हिचं बघा किती मस्त". डोळ्याला आता चूक कळायला लागलेली असते आणि हात अजून तिथवर आलेला नसतो. याच वयात पोरं परत डोंगर-सूर्याकडे पळतात कारण ते चुकत नाही ना! आणि याच वयात बरीच चित्र काढणं कायमचं सोडतात. म्हणून या गटाला बघायला शिकवायचं.

माझ्या क्लासमध्ये यांना रबर बंद. चुकीची रेघ तशीच ठेवायची आणि शेजारी दुसरी मारायची. पहिल्या दिवशी रडारड होते, तिसऱ्या शनिवारी विसरतात.

पहिला धडा स्वतःची चप्पल. समोर टेबलावर ठेवायची (वर्तमानपत्रावर हो), आणि कागदाकडे अजिबात न बघता काढायची. नजर चपलेच्या कडेवरून मुंगीसारखी सावकाश चालवायची आणि त्याच वेगाने पेन्सिल चालवायची. चित्र वेडंवाकडंच येतं, सगळ्यांचंच येतं, म्हणून कोणी कोणाला हसत नाही, पण त्या वेड्या रेघेत अंगठ्याचा झिजलेला खड्डा असतो, तुटत आलेला पट्टा असतो. मग दुसऱ्या कागदावर बघून काढायला द्या, फरक तुम्हालाच दिसेल. दुसरा धडा प्लास्टिकची खुर्ची. खुर्ची काढायची नाही, खुर्चीच्या मधल्या फटी आणि पायांमधली रिकामी जागा एवढीच काढायची आणि रंगवायची. खुर्ची आपोआप कागदावर उभी राहते.

तिसरा धडा त्वचेचा रंग. रंगाच्या डब्यात एक गुलाबट खडू असतो ज्याला सगळी मुलं "स्किन कलर" म्हणतात, आणि आमच्या हॉलमध्ये त्या रंगाचं एकही माणूस नाही. म्हणून प्रत्येकाने आपल्या हाताचा रंग बनवायचा: बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा), पांढरा, गरज पडली तर किंचित निळा. एवढ्यासाठी त्या चार बाटल्यांत या दोन वाढवा. मिसळायचं, मनगटावर टिपका लावून बघायचा, परत मिसळायचं. टिपका दिसेनासा झाला की जमलं. मग त्याच रंगात पंजा उमटवून सगळ्यांचे पंजे एका लांब कागदावर. एका मुलीने घरी सांगितलं की मी काळी नाहीये, मी सिएना आणि थोडी ऑकर आहे.

आता वारली. प्रत्येक शाळेत वारली होते आणि बहुतेक ठिकाणी वाईट होते, कारण नेटवरची प्रिंट काढून त्यावर गिरवायला देतात. वारली ही डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाड्याकडच्या वारली आदिवासींची कला, आत्ताचा पालघर जिल्हा. लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर बायका चौक (चौकटीतलं विधीचं चित्र) लिहायच्या, मधे पालघाट देवी, तांदळाच्या पिठाने. वारली लोक "लिहिणं" म्हणतात याला, हे मुलांना जरूर सांगा. जिव्या सोमा म्हसे यांनी सत्तरच्या दशकापासून लग्नाच्या भिंतीबाहेर, कागदावर, कापडावर रोजचं जगणं काढलं, २०११ ला त्यांना पद्मश्री मिळाली. मुलांना देवीचा चौक काढायला लावू नका, तो त्यांच्या विधीचा भाग आहे, आपण शाळेच्या तासाला तो काढायचं कारण नाही. पद्धत मात्र शिकण्यासारखी आहे.

पद्धत अशी. खाकी कागद किंवा खोक्याचा पुठ्ठा, गेरू पाण्यात भिजवून त्यात थोडा फेव्हिकॉल (नाहीतर वाळल्यावर हाताला लाल भुगा लागतो), सपाट ब्रशने दोन हात. पांढऱ्यासाठी पोस्टर कलर, किंवा तांदळाचं पीठ आणि डिंक. ब्रश नाही, बांबूची काडी टोकाला ठेचून. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, पण सगळी गंमत त्या टोकाच्या जागेवर आहे, वरचा त्रिकोण जरा कलवला की माणूस पळायला, वाकायला, नाचायला लागतो. म्हणून पहिला अर्धा तास फक्त माणसं: ओझं उचललेला, पाणी ओढणारी, पडलेला. तारपा नाचाची (तारपा म्हणजे त्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य, त्याच्याभोवती हात धरून नाचतात) ती गुंडाळी फळ्यावर नाही, अंगणात करून बघा, हात धरून, मग काढा. आणि विषय त्यांचा स्वतःचा. आमच्याकडे सोसायटीत टँकर आला त्याचं वारली झालं होतं, बादल्यांची रांग, दोन बायकांचं भांडण, वॉचमन, गच्चीवर कावळे, आणि कुठेही डोंगर नाही.

याच गटाला कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी दाखवा. ठाकर समाजाची परंपरा आहे, चित्रं एकामागून एक दाखवत गोष्ट गायची, शिवाय कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या सावलीच्या बाहुल्या. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ ला पद्मश्री मिळाली. आपण चामडं नाही, खोक्याचा पुठ्ठा घ्यायचा. हात, पाय, धड वेगळे कापायचे, सांध्यावर भोक पाडून सुतळी ओवायची आणि दोन्हीकडे गाठ, जरा सैल. पाठीला एक काडी आणि हाताला एक. पांढरी चादर, मागे टेबललॅम्प, अंधार. बाहुली पडद्याला चिकटून धरली की सावली कडक येते, दिव्याकडे नेली की मोठी आणि धूसर होते, हे त्यांचं त्यांनाच सापडू द्या. गोष्ट पण त्यांचीच. शेवटी मारामारीच होते, होऊ द्या.

आठवी ते दहावी. यांच्याकडे वेळ नसतो आणि पालकांना एलिमेंटरी-इंटरमिजिएट पाहिजे असते, कला संचालनालयाच्या ग्रेड परीक्षा, कारण दहावीला वाढीव गुण. माझी तक्रार नाही, वस्तुचित्र आणि अक्षरलेखनाने हात तयार होतो. पण स्मरणचित्राला (आठवणीतून काढायचा प्रसंग) काही क्लासमध्ये "फुगेवाला", "बसस्टॉप", "बाजार" अशी तयार चित्रं पाठ करून घेतात, मग तोच फुगेवाला, तोच कुत्रा कोपऱ्यात. म्हणजे दोन डोंगरच झाले ना ते, फक्त कपडे घातलेले! त्याऐवजी खिशात मावेल एवढी वही आणि रोज पाच मिनिटं, रिक्षा स्टँडवर, दवाखान्यात नंबर येईपर्यंत, वर्गात सर बोलतायत तेव्हा (हे मी नाही सांगितलं). उभ्या मोठ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसात पट असते, लहान मुलाची डोकी मोजली तर कमी भरतात, हे माहिती असलं की मुलं "बुटका बाबा" काढणं थांबवतात.

वस्तुचित्रासाठी तांब्या. मुलं तोंड छान गोल काढतात आणि बूड सपाट रेघेने बंद करतात, म्हणतात टेबल सपाट आहे ना. तांब्या डोळ्याच्या समोर उचलून धरायला सांगा, तोंडाची नुसती रेघ दिसेल. हळूहळू खाली न्यायला सांगा, रेघ उघडून लंबगोल होते, खाली जाईल तशी अजून उघडते. म्हणजे टेबलावरच्या तांब्याचं बूड तोंडापेक्षा जास्त गोलाई दाखवणार, कमी नाही. आणि लंबगोलाला दोन्ही बाजूंना टोकं नसतात, तो डोळ्यासारखा नाही, तिथे पण वळतो. हे एकदा हातात तांब्या घेऊन कळलं की मग बादली, पातेलं, मडकं सगळं सुटतं. छायाप्रकाशासाठी खोलीतली ट्यूब बंद, खिडकी एकच उघडी, आणि डोळे बारीक करून बघायचं, तपशील पुसले जातात आणि फक्त उजेड-अंधार उरतो.

अक्षरांसाठी दोन पेन्सिली रबरबँडने शेजारी शेजारी बांधा, कोन न बदलता मोठं "क" काढा, जाड-बारीक कुठे होतं ते दोन रेघांमधल्या अंतरात दिसतं. मग बाजारात फेरी. प्रत्येकाने एकच अक्षर घ्यायचं, ळ किंवा क्ष किंवा ल, आणि दहा पाट्यांवरून ते उतरवून आणायचं. मराठी वळणाचा ल आणि हिंदी वळणाचा ल वेगळा आहे हे बऱ्याच दहावीच्या मुलांनी कधी बघितलेलंच नसतं, रोज वाचतात तरी. हाताने रंगवलेल्या पाट्या सापडल्या तर फोटो काढून ठेवा, सगळीकडे फ्लेक्स झालेत.

जमलं तर एकदा साताऱ्याकडे औंधला न्या. तिथल्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, १९३८ साली डोंगरावर संग्रहालय काढलं, ते स्वतः चित्रकार होते, रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत तिथे. पण पूर्ण संग्रहालय फिरवू नका, पोरं दहाव्या मिनिटाला भूक लागली म्हणतात. एकच वस्तू निवडायची, तिच्यासमोर जमिनीवर बसायचं, वीस मिनिटं फक्त पेन्सिल.

सगळी वयं एकत्र असतील (माझं हेच आहे) तर आकाशकंदील करा. बांबूच्या फूटभर लांबीच्या बारा कामट्यांचा साधा चौकोनी सांगाडा, मोठी मुलं बांधतात, कोपऱ्याला दोरा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवून वर फेव्हिकॉलचा थेंब. मधली मुलं पतंगाचा कागद कापून चिकटवतात. चिकी घरीच करा, दोन चमचे मैदा कपभर पाण्यात गुठळ्या मोडून मंद आचेवर चकचकीत होईपर्यंत. जुन्या काळी किडा लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालायचे, मुलांच्या हातात देणार असाल तर अजिबात नको, विषारी आहे. चिकी कामटीला लावायची, कागदाला नाही. छोट्यांना झिरमिळ्या, त्या कितीही वाकड्या कापल्या तरी वाऱ्यावर छानच दिसतात. आत एलईडीचाच दिवा, जुना पिवळा बल्ब कागद तापवतो. आणि थर्माकोल नको, सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ लाच बंदी आलीय आणि तसंही तो कापला की महिनाभर घरभर गोळ्या उडतात.

शाळेचे प्रोजेक्ट घरी रात्री अकरा वाजता आईबाबांनी पूर्ण करायचे यावर मी बोलणार नाही, बीपी वाढतं. एवढंच की दुकानातला रेडीमेड चार्ट ओळखू येतो. बाईंना सगळं कळतं.

तास संपायच्या दहा मिनिटं आधी थांबायचं, आवरणं मुलांनीच करायचं, ब्रश धुवायची ड्युटी पाळीपाळीने, ओली चित्रं दोरीवर चिमटे लावून. आणि प्रत्येक कागदाच्या मागे नाव, तारीख आणि वय, "७ वर्षं ४ महिने" असं, पेन्सिलने लिहायचं. पेनाने लिहू नका, पातळ कागदावर शाई पुढच्या बाजूला उतरते.